चौदा हजर

सोमवार, २० ऑगस्ट १९५६. काचीगुडा, हैदराबाद

पोचले. ट्रंक शाबूत, वळकटी शाबूत, कंबर तेवढी परभणीच्या फलाटावर राहिली असावी.

दिवस इतका चांगला गेला की नवी वही काढली. सरकारी हुकमावर पहिल्यांदाच माझं नाव बरोबर आहे: सिस्टर तारामती भिवाजी खिल्लारे. बावीस वर्षांच्या नोकरीत मी ताराबाई, तारावती, मिशनच्या दवाखान्यात तारा मेरी आणि एकदा पगारपत्रकावर तारमास्तर झालेली आहे. शुद्धलेखनासाठी माणसाला राज्य मोडायची वाट बघावी लागते.

राज्य खरंच मोडतं आहे. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार: तेलंगण आंध्राकडे, मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. माणसं, जमीन, नद्या वाटून झाल्यावर कुणालातरी आठवलं की राज्याचं एक नर्सांचं रजिस्टरही आहे. ते उर्दूत, बायका तीन भाषांच्या, आणि कारकुनांना नर्सिंगमधलं काही कळत नाही. हे सगळं कळणारी बाई शोधताना मी सापडले. उर्दू निझामाच्या शाळेनं शिकवली, नर्सिंग जालन्याच्या मिशननं, आणि तोंड माझं मी कमावलं.

काम संपलं की मला ‘सुबुकदोश’ करून परभणीच्या दवाखान्यात पाठवणार, असं हुकमात आहे. सुबुकदोश म्हणजे कामातून मोकळा केलेला. शब्दशः, खांदा हलका झालेला. ही उर्दू माणसाला नोकरीतून काढतानाही मुशायऱ्यातून उठवल्यासारखं काढते. मला तेवढंच हवं आहे. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. भाऊ श्रीपती त्यांचं करतो, पण नर्स झालेल्या लेकीनं सगळ्या जगाची थुंकी पुसावी आणि बापाच्या तोंडात पाणी घालायला नसावं, हे आता पुरे.

खोली चतुराबाईंच्या घरी मिळाली. यजमान एकनाथराव स्टेशनातल्या पार्सल ऑफिसात आहेत. बाईंनी आधी आडनाव विचारलं, मग धंदा. आमच्या जातीच्या बाईला खोली मिळत नाही आणि नर्सलाही मिळत नाही. मी दोन्ही असल्यामुळे दोन नकारांनी एकमेकांना खोडलं असावं. माझा माठ वेगळा ठेवला आहे, पण भरून ठेवला आहे. सुरुवात वाईट नाही.

बुधवार, २२ ऑगस्ट

कचेरी म्हणजे एका जुन्या दवाखान्याच्या आवारातली लांब बराक. पूर्वी साथीच्या रोग्यांना इथे वेगळं ठेवत. वॉर्ड बंद होऊन जमाना झाला, लोखंडी खाटा तेवढ्या राहिल्या. चौदा आहेत, प्रत्येकीच्या उशाला पत्र्यावर आकडा. रजिस्टराची कागदपत्रं लाल कापडात बांधून, तेरा बस्ते करून तेरा खाटांवर ठेवली आहेत. चौदावी रिकामी.

मी खुर्ची मागितली. हेडक्लार्क भगवंतराव, बीदरकडचे, तोंडात पान आणि पानाआड सदैव नकार. ते म्हणाले, खुर्च्यांची वाटणी चालू आहे. खरंच खुर्च्यांच्या पाठीवर खडूनं आं, मुं आणि म्है लिहिलं आहे. मी म्हटलं, मुं लिहिलेली द्या, मी तिकडचीच. तर म्हणे अजून तुम्ही कुणाच्याच नाही, तुमची फाइल फिरते आहे. तेव्हा चौदा नंबरच्या खाटेवर बसा. बसले. मांडीवर फळी घेतली, उशाशी डबा, छत्री, पिशवी मांडली. संसार थाटला म्हणायचा.

व्हरांड्यात भामा नावाची म्हातारी आया बसते. वॉर्ड चालू होता तेव्हाची. पेन्शन नाही, काम नाही, कुणी उठवत नाही म्हणून बसते. चहा आणून उंबऱ्यावर ठेवते, आत येत नाही. आत ये म्हटलं तर म्हणाली, नक्को बाई, आपला उंबरा बरा हाय.

मंगळवार, २८ ऑगस्ट

पहिला बस्ता उघडून बसले आणि दिवसभर चिडून बसले. आमच्या पेशाचा इतिहास लिहायचा तर हा एक बस्ता पुरे. सगळ्यांत जुन्या पानांवर नुसत्या दाया: नाव आहे, बापाचं नाव नाही, शेऱ्यात ‘हात चांगला’. मग विधवा. मग टाकलेल्या. मग दुष्काळात मिशनच्या दारात सोडलेल्या पोरी. चांगल्या घरची म्हणतात तशी पहिली बाई दिसायला मला साठ पानं उलटावी लागली, आणि तिच्या नावापुढे घरच्यांचा अर्ज जोडला आहे की हिचं नाव काढून टाका, बहिणींची लग्नं अडली आहेत. ज्यांना दुसरं दार उघडं नव्हतं त्या ह्या दारानं आल्या, आणि आता भाषणांत आम्हाला देवदूत म्हणतात. देवदूताला खुर्ची मात्र मिळत नाही.

त्याच बस्त्यात वॉर्डाची जुनी रिपोर्ट-वही निघाली. शेवटची नोंद आजूर १३२८ फसलीची, म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, इन्फ्लुएंझाची मोठी साथ. तक्ता उर्दूत छापलेला, मजकूर मात्र मराठीत, वळणदार:

‘एकूण १४ हजर. चार्ज दिला: पद्मावती, नर्स. चार्ज घेतला:’

पुढे कोरं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. पाळी संपली म्हणून नर्स उठून जाऊ शकत नाही. दुसरी यावी लागते, तिनं रुग्ण मोजावे लागतात, ‘चार्ज घेतला’पुढे सही करावी लागते. तोवर पहिलीनं जागा सोडायची नाही, घर जळत असलं तरी. डॉक्टर जाऊ शकतो. आम्ही नाही.

भगवंतरावांना वही दाखवली. ते म्हणाले, ऑडिट येतं आहे, कुठल्याही कागदात रिकामी जागा राहता कामा नये. दफ्तर ज्याच्या ताब्यात त्यानं भरावी. मी म्हटलं, अडतीस वर्षांपूर्वीचा चार्ज मी आता घेऊ? म्हणाले, खिल्लारेबाई, सही करायची आहे, ताप नाही बघायचा.

राग आला की माझं अंग सवयीनं चालतं. पेन्सिल घेऊन उठले, खाटांच्या गजांवर टकटक करत टोकापर्यंत गेले. चौदा. परत आले आणि सही ठोकली. पद्मावतीबाई, उशीर झाला, पण रिलीव्हर आली एकदाची, असं मोठ्यानं म्हटलंही.

मागे कुणीतरी मोठा श्वास सोडला. पाय दुखून दुखून अखेर खाली बसलेलं माणूस सोडतं तसा. मला वाटलं भामा. पण भामा चहा आणायला गेली होती.

सोमवार, ३ सप्टेंबर

पद्मावती रजिस्टरात सापडली. अनुक्रम एकतीस. बेवा, म्हणजे विधवा, वय एकोणीस, आईबाप नाहीत. जिल्ह्याचा रकाना कोरा, त्यामुळे तिला आंध्रात टाकू, मुंबईत की म्हैसुरात, ह्यावर अर्धा तास गेला. शेवटी शेऱ्याच्या रकान्याकडे पाहिलं. तिथं एकच शब्द: सुबुकदोश.

शाई ओली होती. माझ्या अंगठ्याला लागली.

भगवंतरावांना विचारलं, तुम्ही आत्ता नोंद केलीत का? ते दुखावलेच. म्हणाले, आपण बावीस सालापासून जांभळ्या शाईशिवाय दुसरी वापरत नाही. ही काळी. काळ्या शाईची दौत माझीच. पण मी लिहिलेलं मला आठवायला नको?

दमट हवेत जुनी शाई सुटते. सुटत असेल.

शनिवार, ८ सप्टेंबर

आज जे झालं ते चतुराबाईंना सांगून पाहिलं. त्या आधी हसल्या, मग मी हसत नाही म्हणून थांबल्या.

सहाव्या खाटेवरचा बस्ता उचलायला वाकले. रुग्णावर वाकताना आमच्या हाताची पालथी बाजू आपोआप पुढे जाते. बस्ता गरम होता. ऊन तिथं येत नाही. पिशवीत थर्मामीटर असतो, बावीस वर्षं आहे. लाल कापडाच्या घडीत खुपसला, मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटं पाहिली.

एकशे तीन.

तेराही पाहिले. शंभराच्या खाली एकही नाही. नवव्याला एकशे चार.

मी शहाणी बाई आहे. कागदाला ताप येत नाही एवढं मला कळतं. कुजत्या कागदात उष्णता धरते, गंजीतल्या कडब्यात धरते तशी. भगवंतरावांना सांगितलं तर म्हणाले, मग शेऱ्यात लिहा, ‘उष्णता’ म्हणून. वर विचारलं, गरम बस्ते मुंबईला पाठवायचे तर रेल्वे ज्यादा भाडं घेईल काय.

ह्या माणसाच्या नरडीला धरायचं सोडून मी खिडक्या उघडल्या.

गुरुवार, २० सप्टेंबर

काम केलं की बस्ता निवतो, हे लक्षात आलं. त्यातली एकेक बाई वाचायची, तिचं गाव शोधायचं, ज्या त्या राज्याच्या गठ्ठ्यात तिला लावायचं. शेवटचं नाव लागलं की कापड थंड. आज तिसरा बस्ता संपवला आणि सवयीनं रिपोर्ट-वहीत लिहिलं: ‘खाट ३, डिस्चार्ज.’ थट्टाच केली. भीती वाटली की मी थट्टा करते, आणि अलीकडे फार करते.

पण वहीत त्याच्या वर काही ओळी आधीच होत्या. रोजची एक, दुपारी दोनची, पाळी बदलायची वेळ.

‘खाट १४: ९८.६.’
‘खाट १४: ९९.’
‘खाट १४: ९९.४.’

अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही.

दुपारी दोनला मनगटावर तीन बोटं आली. तीनच, आणि अंगठा बाजूला. नर्सच तशी नाडी धरते. मी मान वर केली. माझ्याच उजव्या हाताची तीन बोटं माझ्या डाव्या मनगटावर होती, आणि मी आकडे मोजत होते.

सोमवार, १ ऑक्टोबर

श्रीपतीचं पत्र. बाबासाहेबांनी दिवस ठरवला: दसऱ्याला, चौदा तारखेला, नागपूर. आमचं गाव सगळं निघालं आहे. अण्णांनी पांढरं धोतर धुऊन ठेवलंय, पण म्हणतात, तारामती आल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. तिनं जन्मभर लोकांची घाण काढली, आता माणूस व्हायला बापाच्या बरोबर उभी राहू दे. श्रीपतीनं खाली लिहिलंय, अक्का, म्हाताऱ्याचा हट्ट तुला माहीत आहे, अकराला गाडी धर, बाराला परभणीहून सगळे निघू, मनमाडवरून.

पत्र वाचून मी खाटेवर बसून रडले. मग भगवंतरावांकडे गेले. ते म्हणाले, सगळे बस्ते संपवा, यादी जुळवा, दहाला सुबुकदोशीचा कागद हातात देतो. ह्या वेळी पानाआड नकार नव्हता. माणूस वाईट नाही, नुसता कारकून आहे.

पाच बस्ते राहिले. दहा दिवस. होईल.

अंग कसकसतं आहे.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

दोन उरले. मला शंभर आणि दोन पॉइंट. वहीत मी बघण्याआधी नोंद होती.

आज भामाजवळ उंबऱ्यावर बसले. तिला विचारलं, ही पद्मावती कोण?

भामानं पदरानं उंबरा पुसला. मग सांगितलं, ते तिच्या शब्दांत उतरवता येत नाही, अर्धं दखनी, अर्धं आपलं. सांगण्याचा गाभा असा. साथ आली तेव्हा डॉक्टर पळाले, कंपाउंडर पळाले. पोरगी एकटी उरली, सोबत भामा. खाटा चौदा, रुग्ण तेरा. अकरा दिवस कुणी बदली आलं नाही. बाराव्या दिवशी वरून कागद आला, तिला सुबुकदोश केल्याचा. कागद आला, माणूस नाही आलं. पद्मावती म्हणाली, कागदाला चार्ज कसा देऊ? तोवर तिलाही ताप भरला होता. मग ती रिकाम्या खाटेवर पडली आणि पडल्या पडल्या वहीत चौदा लिहिलं, स्वतःला धरून.

तिनं भामाला म्हटलं होतं, तू घे चार्ज. भामाला लिहिता येत नव्हतं. तिनं विचारलं, अंगठा चालंल का? पद्मावती म्हणाली, अंगठा चालत नाही गं. भामाचं पोर घरी तान्हं होतं. ती गेली. सकाळी आली तेव्हा चौदाही खाटा गार होत्या. अडतीस वर्षं ती उंबऱ्यावर बसते ती ह्यासाठी.

मग तिनं मला विचारलं, बाई, तुम्ही सही केली म्हन्ता. मोजून केली ना?

हो म्हटलं, चौदा मोजले.

म्हणाली, मानसं मोजली, का खाटा?

मंगळवार, ९ ऑक्टोबर

तेरावा बस्ता संपला. रात्रंदिवस नाही, नुसते दिवस, पण असे दिवस. तेरा डिस्चार्ज. यादी घेऊन धावतच गेले.

भगवंतरावांनी यादी पाहिली, रिपोर्ट-वही पाहिली, पुन्हा यादी पाहिली. म्हणाले, ताब्यात घेतले चौदा, रवाना केले तेरा. चौदावं कुठाय?

मी म्हटलं, चौदावं नव्हतंच. खाट रिकामी होती.

तर म्हणे, सही आपलीच आहे ना, खिल्लारेबाई? मग आपल्या सहीप्रमाणे चौदा. हिशेब जुळल्याबिगर सुबुकदोशी नाही. आपण थोर अनुभवी आहात, मोजल्याशिवाय थोडीच सही केली असेल.

बावीस वर्षं मी नव्या पोरींना एकच शिकवलं: खाट मोजू नका, चादर वर करा, तोंड बघा. पोरींना. मला सोडून सगळ्या पोरींना.

बुधवार, १० ऑक्टोबर

वहीतला चौदा खोडून तेरा केला. खोडाखोड म्हणजे गुन्हा, असू दे. वाळू टाकली, झटकली, मिटली. उघडली.

१४.

पान फाडलं. चुलीत घालायला चतुराबाईंकडे घरी नेलं. त्यांनी विचारलं, बाई, तुमचं अंग केवढं तापलंय, आणि हा कोरा कागद कशाला जाळता?

पान वहीत आहे. कचेरीत परत येऊन पाहिलं.

अण्णांचं धोतर वाळलं असेल.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

कागद नको, सुबुकदोशी नको, नोकरी गेली चुलीत. ट्रंक घेतली. एकनाथरावांनी तिकीट काढून दिलं, चतुराबाईंनी दशम्या बांधल्या. पहिल्यांदा त्यांच्या माठातलं पाणी दिलं. म्हणाल्या, वडलांना माझा नमस्कार सांगा. काचीगुड्याला गाडीत चढले, खिडकीची जागा. दारात तिकीटवाल्यानं कोपरा कापला. गाडी हलली. इतकं हलकं वाटलं. खांद्यावरून खरंच कुणी उतरल्यासारखं —

डोकं टेकलं. मागे लोखंड लागलं. गज.

डोळे उघडले तर वर बराकीची कौलं. उशाला पत्रा. त्यावर आकडा.

भामाला उंबऱ्यावरून हाक मारून विचारलं, मी केव्हा आले? म्हणाली, बाई, तुम्ही सकाळधरनं तितंच पडून हाव.

पण माझ्या मुठीत तिकीट आहे. कोपरा कापलेलं.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

एकशे दोन. चतुराबाई आल्या होत्या, उंबऱ्यापर्यंत. डॉक्टर आणला. त्यानं म्हटलं, फ्लू आहे, हलवू नका. हलवू नका! मी त्याला म्हटलं, दादा, ह्यापरता विनोद मी ऐकला नाही. त्याला कळला नाही.

परभणीची गाडी आज मनमाडकडे निघेल. श्रीपती अण्णांना उचलून चढवील. चढवू दे. चतुराबाईंकरवी तार केली आहे: माझी वाट बघू नका. अण्णा, माझी वाट —

शनिवार, १३ ऑक्टोबर

भगवंतराव फर्निचर मोजायला आले. हातात खडू. खाटांवर आं, मुं, म्है. चौदावीशी आले. माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पाहिलं असं नाही, मोजलं. यादीवर खूण केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

म्हणाले, हां, हे बघा, चौदावं. हजर आहे की.

हिशेब जुळला. त्यांनी कागदही दिला, शब्द पाळला. सुबुकदोश. जांभळ्या शाईत. म्हणाले, सोमवारी बदली बाई येते, तिला चार्ज द्या की तुम्ही मोकळ्या.

मी विचारलं, कोण येते?

तारनाक्याची, म्हणाले, रेल्वेवाल्यांची मुलगी, यंदाच पास झालेली. इंदुताई म्हणतात.

यंदाच पास. बावीसची असेल. किंवा एकवीस.

रविवार, १४ ऑक्टोबर. दसरा

एकशे तीन. वहीत आहे.

रस्त्यावर सकाळपासून माणसं मिरवणुकीनं जाताना ऐकू येतात, ‘जय भीम’ म्हणत. भामानं उंबऱ्यावरून सांगितलं, सगळे पांढरे हायेत बाई, बगळ्यावानी. अण्णा आत्ता उभे असतील. त्या गर्दीत शेजारची जागा धरून ठेवली असेल, म्हातारा ऐकायचा नाही. मी इथून हात जोडले. जोडता जोडता तीन बोटं पुन्हा मनगटावर गेली.

विचार करून ठेवते, डोकं आहे तोवर.

तेरा गेले. वॉर्डात आता माणूस एकच, मी. इंदुताईनं खाटा मोजल्या तर ती चौदा लिहील, माझ्यासारखीच, आणि चौदावी ती होईल. मी सुटेन, पद्मावती सुटली तशी. अण्णांकडे जाईन.

पण तिनं माणूस मोजलं, ‘एक हजर’ लिहिलं, तर मी तिची रुग्ण. खरी रुग्ण. तिला मला बरं करता येईल, डिस्चार्ज देता येईल. दोघीही जाऊ.

एवढंच सांगायचं आहे तिला. एक लिही.

भगवंतराव म्हणाले, पोरगी चुणचुणीत आहे, इंग्रजी, तेलुगू फर्डं, मराठी बोलते पण वाचता येत नाही.

म्हणजे ही वही तिला वाचता येणार नाही. तोंडानं सांगावं लागेल.

घसा बसला आहे.

सोमवार, १५ ऑक्टोबर

आवाज नाही. एकशे चार.

भामाला खुणेनं सांगितलं. एक बोट दाखवलं. ती रडते. म्हणते, पानी पाहिजे?

दारात आली ती. पांढरी टोपी, कडक. नवे बूट. भगवंतराव बाहेरूनच सांगतात: वही तिथं आहे, आपली सही ‘चार्ज घेतला’पुढं, रिकामी जागा राहता कामा नये. ती हसते. ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ म्हणते मला. झोपा म्हणते, मी बघते.

बघ. बघच, पोरी. इकडे. तोंड बघ.

पेन्सिल काढली तिनं. खाटांकडे गेली. पहिल्या टोकापासून.

टक्.

भामा उठली. उंबऱ्यावर आहे. आत ये, भामा, ये, अंगठा नको, हाक मार —

टक्. टक्. टक्. चार.

बोट वर केलंय मी. एक. ती हात हलवते, तिला वाटलं मी टाटा —

नऊ. दहा.

भामानं पाय आत टाकला

अकरा बारा

तेरा इंदुताई खाटा नको गं मोजू माणूस मोज मी एकच आहे एक लिही ए